रिपोर्ट क्लिअर आलाय, मग घरात सगळं असं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. लातूरकडच्या या ताईंच्या घरात दोन पेशंट आहेत. एक वहिनी, वय ३४, एक मुलगी, पॅप टेस्टमध्ये गडबड आली, बायोप्सीत सीआयएन ३ निघालं, लीप झालं (दोन्हींचा अर्थ खाली सांगते), काढलेल्या तुकड्याच्या कडा क्लिअर. याला चार महिने झाले तरी वहिनी अजून मुलीला घेऊन वेगळ्या खोलीत झोपतात, कुणाशी धड बोलत नाहीत, आणि आता एका डॉक्टरांनी सांगितलंय की कटकट नको, गर्भपिशवीच काढून टाका. दुसऱ्या मावशी, वय ५४, मिस्टर वारलेले, पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर स्टेज २ बी, शेक (म्हणजे रेडिएशन) आणि केमो संपून दीड वर्ष झालं, स्कॅन स्वच्छ, पण त्या कुठे जातच नाहीत, सख्ख्या भाचीच्या लग्नालाही गेल्या नाहीत, आणि डावा पाय सुजतोय. ताई विचारतात, दोघींनाही डॉक्टर म्हणतात सगळं छान आहे, मग छान दिसत का नाही, हे सगळं मनाचं आहे का, आणि दोघींत जास्त त्रासात कोण?

मनाचं आहे म्हणून सोडून देऊ नका एवढं आधीच सांगते. मी बावीस वर्षं रेडिएशनमध्ये आहे, सोलापूर, बार्शी, धाराशिव या पट्ट्यातले पेशंट बघते, आणि खरं सांगायचं तर पहिली आठ-दहा वर्षं मी पण हेच म्हणायचे, "गाठ गेली, छान आहे, तीन महिन्यांनी या." पेशंट मान हलवायची, पिशवीत फाइल कोंबायची, उठायची, आणि दारापाशी जाऊन क्षणभर थांबायची. का थांबली हे मी कधी विचारलं नाही, बाहेर साठ जण बसलेले असायचे. मग आमच्याकडे क्वालिटी ऑफ लाइफचे फॉर्म भरून घ्यायला लागले. ईओआरटीसी म्हणून युरोपातली कॅन्सर संशोधनाची संस्था आहे, त्यांचा सी-३० नावाचा तीस प्रश्नांचा फॉर्म कुठल्याही कॅन्सरला चालतो आणि सीएक्स-२४ हा चोवीस प्रश्नांचा फॉर्म खास पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी आहे. संडासवर ताबा राहतो का, लघवी गळते का, पाय सुजतात का, अंगातून गरम वाफा येतात का, आजारामुळे आपण बाई म्हणून कमी झालोय असं वाटतं का, संबंध ठेवताना दुखेल याची भीती वाटते का, असे साधे प्रश्न. उत्तरं चारच, अजिबात नाही ते खूप.

आमच्या सिस्टर वाचून दाखवायच्या कारण बऱ्याच जणींना वाचता येत नव्हतं. पायापर्यंत, लघवीपर्यंत भराभर उत्तरं, आणि शेवटचे संबंधांबद्दलचे प्रश्न आले की पेशंट भिंतीकडे बघायची, "ते सोडा सिस्टर". सिस्टर पण सोडून द्यायच्या. मी गठ्ठा चाळायला घेतला तेव्हा दिसलं की कितीतरी फॉर्मचा खालचा भाग कोराच आहे. नंतर आम्ही पद्धत बदलली, नातेवाईक बाहेर, दार बंद, आणि प्रश्नाच्या आधी एक वाक्य, "हा त्रास शेक घेतलेल्या बऱ्याच जणींना होतो म्हणून विचारतेय." त्यानंतर ज्या बायका बोलल्या त्यांच्याकडून जे शिकले तेच तुम्हाला खाली सांगते, पुस्तकातलं कमी आहे.

आधी वहिनी, कारण त्यांच्या बाबतीत घरातल्या सगळ्यांचाच एक घोळ झालाय. सीआयएन ३ म्हणजे कॅन्सर नव्हे, कॅन्सरच्या आधीची पायरी. पिशवीच्या तोंडाच्या वरच्या कातडीतल्या पेशी बिघडलेल्या असतात पण खाली घुसलेल्या नसतात. नुसतं तसंच सोडलं तरी सगळ्यांना कॅन्सर होत नाही, पण बऱ्याच जणींना पुढच्या दहा-वीस-तीस वर्षांत होतो, म्हणून काढायचं. लीप म्हणजे तारेच्या छोट्या कडीतून करंट सोडून तेवढा भाग कापून काढणं, जागेवरच भूल देऊन, दहा-पंधरा मिनिटांचं काम. दहातल्या नऊ बायकांचं एका वेळेत भागतं. नंतर दोन-चार आठवडे अंगावरून पाणी किंवा काळपट जातं, महिनाभर संबंध ठेवायचे नाहीत, जड उचलायचं नाही. बस. चार महिन्यांनंतर वेगळं झोपायचं शरीराच्या बाजूने काहीच कारण नाही.

मग कारण काय? माझा अंदाज सांगते, चुकला तर वहिनींना विचारून घ्या. कुणीतरी त्यांना "एचपीव्ही" हा शब्द सांगितला असणार आणि तो संबंधातून येतो हेही सांगितलं असणार, आणि तिथेच बोलणं थांबलं असणार. आता तिच्या डोक्यात दोन प्रश्न फिरतायत, यांचं बाहेर काही होतं का, किंवा यांना वाटेल माझं बाहेर काही होतं. आणि तिसरा, यांच्याजवळ गेले तर परत होईल, किंवा यांना होईल. हे प्रश्न ती तुम्हाला विचारणार नाही, सासूबाईंना तर नाहीच नाही.

तर हे नीट समजून घ्या आणि दादांनाही, म्हणजे वहिनींच्या मिस्टरांनाही, सांगा. एचपीव्ही हा इतका सर्रास विषाणू आहे की लग्न झालेल्या, संबंध आलेल्या बहुतेक बायका-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो, आणि दहातल्या नऊ जणांच्या अंगातून एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो, पत्ताही लागत नाही. काही जणींच्यात टिकून राहतो, त्यातही १६ आणि १८ नंबरचे प्रकार वाईट, पिशवीच्या तोंडाचे साधारण ७० टक्के कॅन्सर या दोघांमुळे. तो अंगात कधी आला, कुणाकडून आला, लग्नाआधी की नंतर, हे सांगणारी टेस्ट जगात नाही. पंधरा वर्षं गप्प पडून राहू शकतो. त्यामुळे सीआयएनच्या रिपोर्टवरून कुणाच्याही चारित्र्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही, नवऱ्याच्याही नाही. माझ्याकडे एक जोडपं होतं, त्यांनी सहा महिने एकमेकांशी अबोला धरला होता, आणि दोघांनी मनातल्या मनात एकमेकांना माफ पण करून टाकलं होतं म्हणे! कशाबद्दल माफ केलं ते दोघांनाही माहीत नव्हतं. मी दोघांना समोर बसवून हेच वरचं सांगितलं, दहा मिनिटं लागली.

आणखी एक, तिला वाटत असेल की आता दुसरं मूल होणार नाही. होऊ शकतं. लीपनंतर दिवस राहायला सहसा अडचण येत नाही, फक्त पिशवीच्या तोंडाचा थोडा भाग गेलेला असल्याने वेळेआधी कळा यायची शक्यता किंचित वाढते, म्हणून दिवस राहिले की पहिल्याच व्हिजिटला त्या डॉक्टरांना लीप झाल्याचं सांगायचं, ते तोंडाची लांबी सोनोग्राफीवर बघत राहतील.

पिशवी काढण्याबद्दल जरा रागाने लिहितेय, समजून घ्या. आपल्याकडे "जखम आहे, पुढे कॅन्सर होईल" या एका वाक्यावर किती बायकांच्या पिशव्या गेल्यात त्याला मोजदाद नाही. बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, सरकारला समिती नेमावी लागली, तिथेही अनेक बायकांनी हेच सांगितलं की कॅन्सरची भीती घातली होती. वहिनींच्या कडा क्लिअर आहेत, वय ३४ आहे, मूल हवं असू शकतं, तर पिशवी काढायचं आज काहीही कारण मला दिसत नाही. आणि पिशवी काढली म्हणजे तपासणी सुटते असंही नाही, सीआयएन ३ साठी काढली तरी पुढे योनीमार्गाच्या वरच्या टोकाची तपासणी करत राहावंच लागतं. त्याऐवजी सहा महिने पूर्ण झाले की एचपीव्ही टेस्ट करा, निगेटिव्ह आली की पुढे दरवर्षी तीन वर्षं, मग अंतर वाढवता येतं. टेस्टच्या आधीचा आठवडा तिला झोप लागणार नाही, हे धरून चाला आणि तेव्हा कुणीतरी सोबत जा.

वहिनींचं नशीब चांगलं आहे हे त्यांना सांगा पण नीट सांगा, "तुझं काहीच नाही, मावशींचं बघ" अशी तुलना करून नको. देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या वर बायकांना हा कॅन्सर होतो, ऐंशी हजारांच्या आसपास जातात. आमच्याच उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, २००० नंतर एक मोठा अभ्यास झाला होता, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाच्या वर बायका, गावोगाव जाऊन, आणि त्यात दिसलं की आयुष्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट करून जिथे गडबड आहे तिथे उपचार केला तरी या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. २००९ मध्ये छापून आला, जगभर गाजला. वहिनी त्या निम्म्यातल्या आहेत, ज्यांचं वेळेत सापडलं.

आता मावशी. भाचीच्या लग्नाला का गेल्या नाहीत? मी पैज लावते, संडासमुळे. ओटीपोटाला पाच आठवडे बाहेरून शेक बसतो, त्यात पिशवीच्या मागे गुदाशय आणि वर लहान आतडी असतात, त्यांना पण थोडा बसतोच. शेक चालू असताना जुलाब होतात ते सगळ्यांना माहीत असतं, पण काही जणींना सहा महिन्यांनी, वर्षाने नवीनच सुरू होतं, जेवलं की पळावं लागतं, कळ आली की दोन मिनिटंही धरवत नाही. माझी एक पेशंट सोलापूर ते पंढरपूर एसटीने जायची, तिला त्या रस्त्यावरचं प्रत्येक स्टँड, प्रत्येक पेट्रोल पंप पाठ होता, कुठल्या संडासाला आतून कडी आहे आणि कुठे पाणी असतं हे ती मला सांगायची, आणि निघायच्या आदल्या रात्रीपासून जेवायचीच नाही. बाकी सगळ्यांना वाटायचं उपास धरलाय. मंगल कार्यालयात दीडशे बायकांना दोन संडास, बाहेर रांग, अशा ठिकाणी मावशी कशाला येतील?

यावर उपाय आहेत आणि बरेच आहेत, फक्त सांगावं लागतं. आधी पंधरा दिवस दूध, कच्ची पालेभाजी, तर्री, जास्त चहा बंद करून बघा, भात, मूग, ताक, केळं यावर राहून काय फरक पडतो ते लिहून ठेवा. प्रवासाच्या दिवशी निघायच्या आधी जुलाब थांबवणारी गोळी डॉक्टरांना विचारून घेता येते, तेवढ्यानेच कितीतरी जणी परत बाहेर पडायला लागल्या. फरक पडला नाही तर आतड्यात पित्त नीट शोषलं जात नाही का ते बघावं लागतं, त्याची वेगळी पावडर मिळते, आणि बी-१२ तपासून घ्या कारण ते शोषणारा आतड्याचा भाग शेकात सापडलेला असू शकतो. संडासवाटे लाल जात असेल तर मूळव्याध समजून जाहिरातीतली औषधं घेऊ नका. दुर्बिणीने तपासणी करा, पण तपासणाऱ्याला शेक झाल्याचं आधीच सांगा, कारण गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा घेतला तर तिथे भोक पडून कायमची वाट होऊ शकते. ही चूक झालेल्या बायका मी बघितल्यात, म्हणून ठासून सांगते.

मशीनमुळे पण फरक पडतो बरं का. टाटा मेमोरियलमध्ये ३०० बायकांवर एक अभ्यास झाला, ऑपरेशननंतर शेक लागणाऱ्या, निम्म्यांना साध्या थ्रीडी पद्धतीने, निम्म्यांना रोज इमेज बघून नेमका देणाऱ्या आयएमआरटीने. तीन वर्षांनी आतड्याचा बऱ्यापैकी त्रास साध्या पद्धतीत ४२ टक्के बायकांना आणि नव्या पद्धतीत २१ टक्के, म्हणजे थेट अर्धा. मावशींचा शेक होऊन गेला, त्यांना याचा उपयोग नाही, पण ज्यांचा व्हायचाय त्यांनी विचारावं की आमच्यासाठी आयएमआरटी होईल का.

पायाची सूज. जांघेतल्या, ओटीपोटातल्या लसिका गाठींना शेक बसला की पायातलं पाणी वर चढायची वाट अरुंद होते. पण नव्याने एकाच पायाला सूज आली तर आधी सोनोग्राफीने रक्ताची गुठळी नाही ना आणि आजार परत आला नाही ना हे बघायचं, मगच शेकाची सूज म्हणायचं. हे झालं नसेल तर याच आठवड्यात करा, याला थांबू नका, आणि सोबत दम लागत असेल तर त्याच दिवशी दवाखाना. बाकी काही नाही निघालं तर मग फिजिओथेरपी, पट्टी बांधणं, मापाचा मोजा, रात्री पाय उंच. आणि अनवाणी शेतात जायचं नाही. टाचेच्या भेगेतून जंतू शिरले की एका रात्रीत पाय लालभडक, थंडी वाजून ताप, ज्याला गावाकडे धावरं म्हणतात. लेप लावत बसू नका, त्या दिवशीच अँटिबायोटिक चालू व्हायला हवं, कारण प्रत्येक धावऱ्यानंतर सूज एक पायरी वाढते आणि परत खाली येत नाही.

पुढचं मावशींशी तुम्ही एकट्याने बोला. शेकानंतर, विशेषतः आतला शेक (आत नळी ठेवून दिलेला) झाल्यावर, योनीमार्ग कोरडा पडतो, आखडतो, भिंती एकमेकींना चिकटायला लागतात. त्यासाठी डायलेटर असतो, गुळगुळीत नळीसारखा, शेक संपल्यावर साधारण महिन्याने सुरू करायचा, आठवड्यातून दोन-तीनदा, जेली लावून, पाच-दहा मिनिटं. मावशींना बहुतेक दिलाच नसेल, कारण मिस्टर नाहीत, यांना काय करायचाय, असं आम्ही डॉक्टर लोक गृहीत धरतो. मीही धरायचे. मग वर्षभराने अशी बाई तपासणीला यायची आणि एक बोटसुद्धा आत जायचं नाही, ती टेबलाची कड धरून रडायची, आणि ज्या जागी आजार परत येतो नेमकी तीच जागा मला बघता यायची नाही. पुढच्या तारखेला ती यायचीच नाही, आणि तिचं चूक नव्हतं.

आणि ज्यांना देतो त्यांचं तरी काय. एका पेशंटला मी डायलेटर दिला होता, तीन महिन्यांनी विचारलं वापरता का, तर म्हणाली हो, ठेवलाय. कुठे ठेवलाय? पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत, प्लास्टिकमधून न काढता. दोन खोल्यांचं घर, सून, नातू, मोरीला दार नाही नुसता पडदा. आठवड्यातून तीनदा दहा मिनिटं एकांत कुठून आणायचा? शेवटी तिची बहीण शेजारच्या गल्लीत राहायची, तिथे दुपारी जायचं ठरलं. तर ताई, मावशींना दार लागणारी खोली आठवड्यातून दोनदा कशी मिळेल ते बघा. दीड वर्ष झालंय म्हणजे थोडा उशीर आहे पण निरुपयोगी नाही, आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या, योनीत लावायचं हार्मोनचं क्रीम लागलं तर ते देतील, मग सगळ्यात लहान मापापासून.

ज्यांचे मिस्टर आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी, कारण इथे वाचणाऱ्या बऱ्याच असतील. शेक घेतलेल्या बाईजवळ गेल्याने नवऱ्याला किरणं लागत नाहीत, कॅन्सर लागत नाही, ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. जेली वापरायची, घाई करायची नाही. आणि ज्यांचं वय चाळीसच्या आत आहे त्यांना शेकाने पाळी बंद होते, तेव्हा आधी वाटतं बरं झालं, कटकट गेली, आणि मग रात्री घामाने गादी ओली, छातीत धडधड, विनाकारण चिडचिड, काही वर्षांत हाडं ठिसूळ. या कॅन्सरच्या सगळ्यात सर्रास प्रकारात, स्क्वेमसमध्ये, हार्मोनच्या गोळ्या चालतात, ब्रेस्ट कॅन्सरची भीती इथे आणू नका, डॉक्टरांना सरळ विचारा.

पैशाचा प्रश्न सी-३० मध्ये २८ वा आहे, आणि आमच्याकडे बहुतेकींचं उत्तर तिथे "खूप". महात्मा फुले योजनेत शेक-केमो होतं हो, पण रोज येणं-जाणं, सोबत येणाऱ्याची बुडालेली रोजी, खोलीभाडं, हे कुठल्या योजनेत बसतं? एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट झालं त्याचा आमच्या फॉलोअपला सरळ फायदा झाला, हे मी ओपीडीत बघितलंय. मावशी जर "आता बरी आहे, कशाला खर्च" म्हणून तारखा चुकवत असतील तर ते आजारातून आलेलं नाही, तुमच्यावर ओझं नको म्हणून आहे. पहिली दोन वर्षं तीन-चार महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी, एवढं तरी व्हावं. मधेच लाल गेलं, कंबरेतून पायात कळ उतरायला लागली किंवा लघवी एकदम कमी झाली तर तारखेची वाट न बघता जा.

तुम्ही शेवटी विचारलंय की दोघींत जास्त त्रासात कोण. मला वाटतं आत्ता या घडीला वहिनी, कारण मावशींचा त्रास निदान पायावर दिसतोय. दादांना एकट्याला माझं हे उत्तर वाचायला द्या, वहिनींच्या समोर नको. मावशींची पायाची सोनोग्राफी झाली की रिपोर्टचा फोटो टाका, नाव झाकून, मी बघते.